साळवेकाकांचं लांबलेलं बारसं

साळवेकाका कॉम्प्युटरच्या कानात नाव सांगतात. कॉम्प्युटरला कान कुठे असतो, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. काकांनी बाजूची जाळी दाखवली, जिथून पंख्याची गरम हवा येते. "इथून जातं आत," म्हणाले.

आमचं ऑफिस नाशिक रोडला, एका मेडिकलच्या वर. सहा माणसं प्रोग्रॅम लिहितात. ज्या टूलमध्ये लिहितात ते परदेशात बनतं आणि वर्षाला त्याचं नवीन व्हर्जन येतं. बनवणारे त्याला नुसता आकडा देतात. काकांना ते सहन होत नाही. "आकड्यानं हाक हॉस्टेलात मारतात. एकोणतीस नंबर, ताट घे. माझी सात वर्षं त्यात गेली." म्हणून नाव काकाच ठेवतात. शेवंता मधेच रुसून बंद पडायची. दगडू हळू, पण भरवशाचा. फोनवर गिऱ्हाइकालासुद्धा "दगडू अडलाय, उद्या देतो" असं सांगितलं जायचं, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दगडूची तब्येत विचारायचं.

व्हर्जन यायच्या महिनाभर आधीपासून काका रोज सकाळी बनवणाऱ्यांचं पान उघडून बघतात. तारीख पुढे गेली की म्हणतात, "दिवस भरायचेत अजून." कीबोर्ड उलटा करून झाडतात. चौकटीच्या वहीत नावं लिहितात, खोडतात. व्हर्जन आलं की बारसं, घुगऱ्या माझ्या हातच्या. आणि बारसं झाल्याशिवाय ते कुणी कामाला लावायचं नाही, हा त्यांचा नियम. ऑफिस ज्यांचं, त्या मॅडम वैतागतात, पण काका पहिल्या दिवसापासूनचे, म्हणून चालवून घेतात.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली. इथे खाली वॉचमन होतो, काकांनी वर आणलं. जुने प्रोग्रॅम एकेक करून नव्या व्हर्जनमध्ये चालवायचे आणि अडलं तिथे कागदावर लिहायचं, हे माझं काम. गावी आई सगळ्यांना सांगते, पोरगा कॉम्प्युटरात आहे.

यंदा मॅडम म्हणाल्या, नवीन व्हर्जन हे सगळं आपोआप तपासतं. "एकदा ते बारसं होऊ दे तुळशीराम, मग तुझं बघू काहीतरी." मला त्या 'बघू'ची भीती वाटते. त्या रात्री आईचा फोन मी उचलला नाही.

व्हर्जन सोमवारी आलं. आणि काकांना नावच सुचेना. आठवडा गेला, दोन गेले. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, घाईत ठेवलेलं नाव जन्मभर वागवावं लागतं. मला वाटलं, काका थकले आता.

तेवढ्या दिवसांत रोज जेवणानंतर मला शेजारी बसवायचे. "बाळाला जरा खेळव." काय तपासायचं ते त्याला लिहून कसं द्यायचं, लाल ओळी आल्या तर कुठून वाचायला लागायचं, असं एकेक. मी घाबरून माउस सोडून द्यायचो. "चावत नाही ते. परत."

तिसऱ्या आठवड्यात एक जुना प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर नुसता चालवून बघताना सगळा स्क्रीन लाल झाला. दोन इंजिनियर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. मी मागे उभा होतो. न राहवून म्हणालो, प्रोग्रॅम बरोबर आहे, तपासायची यादी मागच्या वर्षीची आहे. बसून बदलून दाखवली. ओळी हिरव्या झाल्या. मॅडम उभ्या राहून बघत होत्या.

"मग हे तूच सांभाळ," त्या म्हणाल्या.

काकांना त्याच संध्याकाळी नाव सुचलं.

दुसऱ्या दिवशी घुगऱ्या झाल्या. नाव कोणतं, ते वहीत आहे, घेऊन ये, असं सांगून काकांनी मला त्यांच्या टेबलाकडे पाठवलं. व्हर्जन आलं त्या सोमवारच्या तारखेखाली एकच नाव होतं, कुठे खोडाखोड नाही. यमुना. त्याखाली रोजची एक ओळ. 'तु. घाबरतो.' 'तु.ने आज माउस सोडला नाही.' शेवटची कालची, 'तु. तयार.'

मी वही मिटून आणून दिली.

"मला बहीण नाही," काका म्हणाले. "आत्या तू हो."

मिशीवाली आत्या म्हणून सगळे हसले. मी वाकून जाळीशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. डोळ्यांत पाणी का आलं, मॅडमनी विचारलं.

सगळ्यांत हलका हात काकांचा होता. पण मी पाठीत जोरात लागलं असंच सांगितलं.