स्टेपनीच्या मानाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाट खडतर असो, चारही चाके जागी असोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी वर्तमान ऐसे जाहले की, शेजारील राज्याने पैज पाठविली, दगडी ओढा चढोन ज्याचा ट्रक प्रथम माथा गाठील तो सरहद्दीचे जत्रेत अग्रभागी चालेल. आणि श्रीमंत हैबतराव महाराजांनी विडा उचलिला, आणि ट्रकाची चाके झिजली सबब नवी घेण्याचा हुकूम सोडिला. ट्रक हाकणे महाराजांच्या भगिनी दर्याबाईसाहेब यांजकडे. बाईमाणसाचे हाती सुकाणू कशास, ऐसी कुजबूज सदरेत होतीच. ती बाईंचे कानी गेली, आणि बाईंनी भर सदरेत शब्द दिधला की, ट्रक ओढ्यात अडकला तर पुन्हा सुकाणूस हात लावणार नाही.

आता रथाचे जमान्यापासोन उजवी चाके निवडण्याचा वतनी हक्क उजवीकरांचा, आणि डावी निवडण्याचा डावीकरांचा. रथ गेला, ट्रक आला, हक्क तेथेच बसोन राहिला. उजवीकरांनी वीस इंची अलॉय आणविली, आरशासारखी लखलखीत, वर टायर पापडाएवढा. म्हणाले, यात मिशी पाहता येते. डावीकरांनी काळी, रुंद आणि उंच आणविली, मडगार्डाबाहेर वीतभर डोकावणारी. म्हणाले, ट्रकाने छाती काढोन चालावे. मग दोन्ही बसविली, तो ट्रक उजवीकडे कलला, जणू उजवीकरांचे कानी काही सांगतो आहे. महाराज कोणा घराण्यास दुखवीत नसत. त्यांनी मान तिरकी करोन पाहिले आणि शोभते म्हणाले, आणि सगळी सदर मान तिरकी करोन शोभते म्हणाली.

बाईंनी ट्रकाभोवती फेरी घातली आणि विचारिले, "स्टेपनी कोणाच्या हक्कात?"

उभय मानकरी एकमेकांकडे पाहू लागले. रथास स्टेपनी नव्हती.

"मग ती माझी," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सोळा इंची लोखंडी चाक आणविले, दिसण्यात तवा, टायर मात्र उंच आणि गुबगुबीत. उजवीकर मिशीत हसोन बोलले, "बाईसाहेब, बैलगाडीवाल्याकडून आणिली काय?"

"अलॉय दगडावर आपटले तर तडकते, मग हात जोडोन बसावे. लोखंड वाकते, हातोड्याने सरळ होते. बरे, उजवीकर, तुमचे चाक फुटले तर तुमच्या जोडीला ही जुळेल? डावीकर, तुमच्या जोडीला? कोणाशीच जुळत नाही ती स्टेपनी घेऊन मी ओढ्यात काय करू?"

यावर उजवीकरांनी बहुत विचार केला, आणि डावीकरांपुढे नमणे नाही, केवळ स्टेपनीचा मान राखणे आहे, ऐसे ठरविले. डावीकरांनीही नाव बदलोन तेच ठरविले. मग उभयतांनी एकाच दुकानातून स्टेपनीसारखीच लोखंडी चाके आणिली, वेगळ्या दारांनी.

पैजेचे दिवशी शेजाऱ्यांची लखलखीत चाके पुढे निघाली, आणि मधल्या धोंड्यावर एक तडकले, आणि ते तेथेच बसले. दर्याबाईंनी टायरांतील हवा थोडी उतरविली, तेणेकरून टायर दगडास धरोन चालू लागले. तरी त्याच धोंड्यावर पुढील उजवे चाक आदळले, रिमाची कड वाकली आणि हवा फुसफुसू लागली. बाई खाली उतरल्या, हातोडा मागितला, कड ठोकोन बसविली, हवा भरली आणि माथा गाठिला. किल्ली काढिली आणि कमरेस खोचिली. कुजबूज करणारे सर्वांआधी मुजऱ्यास आले.

आता त्या रिमास पोचा राहिला. महाराज नवे चाक घेऊ म्हणाले, तो उजवीकर आडवे पडले की, हा पोचा आमच्या घराण्याचा आहे, यास कोणी हात लावू नये. डावीकरांनी अर्ज केला की, पुढील खेपेस धोंडा डाव्या अंगाने घ्यावा. बाईंनी अर्ज मंजूर केला.

सारांश, जत्रेत आम्ही पुढे, ट्रक सरळ, सुकाणू बाईंकडे, आणि पोचा उजवीकरांकडे वंशपरंपरा चालू. कळावे.