शालनआक्कांची धाव

तुळजापुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत शालनआक्कांचं लॉज आहे. तिथं खोली मागायला आलेल्या माणसाला आजवर आपलं वाक्य पुरं करता आलेलं नाही.

"नमस्कार, आम्ही सोलापूरहून आलोय. आमच्या धाकट्याचं जावळ..."

"पुढं."

"म्हणजे सकाळी अभिषेक करून, मग..."

"पुढं!"

"दोन खोल्या..."

"ह्या चाव्या. गरम पाणी पहाटं. पोरगं जिन्यात सोडू नका. चला, पुढं!"

मी इथल्या एका शाळेत शिकवतो आणि आक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पहिले काही महिने मला वाटायचं, बाई फटकळ आहेत. मग कळलं की त्या सरावात असतात.

साठीच्या आक्का एक व्हिडिओ गेम खेळतात. हातात मावणारं जुनं यंत्र, त्यात एक मुलूख. गवतातनं चालताना चित्रविचित्र प्राणी निघतात. ते पकडायचे, तयार करायचे, गावोगावच्या उस्तादांच्या प्राण्यांशी लढवायचे आणि शेवटी सगळ्यांत मोठ्या उस्तादाला हरवायचं. साधा माणूस यात महिना घालवतो. पण जगात काही लोक असे आहेत, जे हाच गेम घड्याळ लावून, जिवाच्या आकांतानं कमीत कमी वेळात संपवतात. आक्का त्यांतल्या. अशा एका डावाला हे लोक 'धाव' म्हणतात. गेममधली माणसं फार बोलतात. त्यांचं बोलणं बटण दाबून दाबून उडवावं लागतं. आक्कांनी ते बटण तोंडाला लावून घेतलंय, एवढंच.

त्यामुळे त्यांना कुठं न्यायची सोय राहिली नाही. गल्लीत एकांकडं मयत झालं तेव्हा आम्ही बरोबर भेटायला गेलो. मयताचे भाऊ सांगू लागले, "परवा सकाळी चहा घेतला, मग म्हणाले छातीत..." आक्का हळूच म्हणाल्या, "पुढं." मी चप्पल शोधू लागलो.

बाजारातही तसंच. भाजीची वाट ठरलेली, मागं वळणं नाही. कोथिंबीर राहिली तर राहिली. "त्या गावाला आता परत न्हाय, सर."

धावेचा आराखडा त्या भाकरी थापताना तोंडानं घोकतात. "डावीकडं, डावीकडं, खाली, दुकान, औषध एकच, बोलायचं न्हाय, गुहा..." एकदा कर्नाटकातलं एक जोडपं स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभं राहिलं. कसलं तरी स्तोत्र चाललंय असं त्यांना वाटलं. आक्का गुहेपर्यंत पोचल्या होत्या, त्यामुळे थांबल्या नाहीत. जोडप्यानं शेवटी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्यांच्या धावा त्या मोबाइलवर बघतात, त्याही कशा, तर मैफलीला बसल्यासारख्या. एका गड्यानं आपला प्राणी मुद्दाम हरवून घेतला. हरलं की गेम आपल्याला उचलून मागच्या गावच्या दवाखान्यात टाकतो, आणि त्याला जायचं होतं नेमकं तिथंच. आक्कांचे डोळे भरून आले. "हरून रस्ता वाचवला, सर! हरून!" मी मान हलवली. मला त्यातलं फार कळत नाही.

तरी गुहेतल्या वटवाघळांपुढं कुणाची हुशारी चालत नाही. ती वाटेत निघाली तर लढण्यात वेळ जातो, नाही निघाली तर नाही. त्यासाठी आक्का मंगळवारी देवळात जातात. काय मागता, विचारलं तर म्हणाल्या, "आई, वटवाघूळ नको."

यंदा त्यांना बोलावणं आलं. राज्यातले असे धावणारे एक दिवस इंटरनेटवर जमतात आणि एकेक जण सगळ्यांसमोर धावतो. दोन तासांच्या आत गेम संपवायचा, हे आक्कांचं कधीचं स्वप्न. सरावात एकदोनदा जमलंही होतं, पण चारचौघांत, घड्याळासमोर जमलं तरच ते खरं.

त्या दुपारी मला गल्ल्यावर बसवून आक्का मागच्या खोलीत यंत्र घेऊन बसल्या. दार उघडं होतं, धाव दाखवणारा संगणकाचा पडदा मला दिसत होता. मी गिऱ्हाइकांचं सगळं ऐकून घेत होतो, त्यामुळं रांग लागली.

सूत्रसंचालन सांगलीची एक मुलगी करत होती. धाव सुरू झाली आणि तिचा आवाज अडखळला. "आक्का... नाव?"

पहिला प्राणी मिळाला की त्याला नाव द्यायचं असतं. धावणारे एकच अक्षर देतात. नाव जितकं लांब, तितकं ते पडद्यावर उमटायला वेळ घेतं, आणि लढाईत ते सारखं उमटत राहतं. आक्काही सरावात एकच अक्षर द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर शोधत, गेम घेईल तेवढी सगळी जागा भरून टाकली. दत्तात्रय.

मग मात्र त्या अशा धावल्या की सांगलीची मुलगी ओरडत सुटली. वटवाघूळ एकही निघालं नाही. प्रत्येक लढाईत ते लांबलचक नाव सावकाश उमटायचं आणि आक्का बटणावर अंगठा ठेवून तेवढं थांबायच्या. शेवटचा उस्ताद पडला तेव्हा दोन तास होऊन थोडा वेळ गेला होता.

"थोडक्यात गेलं हो, आक्का!" मुलगी म्हणाली. "त्या नावानंच गेलं. कोण हे दत्तात्रय?"

आक्कांनी पदर सारखा केला. "आमचे मालक."

मी इथं राहायला आलो त्याच्या आधीच ते वारले होते. गल्लीत सगळे त्यांना मालकच म्हणतात. त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं.

"यंत्र त्यांचंच हाय," आक्का सांगू लागल्या. "आजारपणात भाच्यानं आणून दिलं. पडल्या पडल्या खेळायचे. लई हळू. गेममधल्या हरेक माणसाशी बोलत बसायचे. म्या वरडायची, अवो, जेवण गार व्हतंय."

"मग?" मुलीनं विचारलं.

"मग काय. ऱ्हायला त्यांचा अर्धा."

पडद्यावर जिंकलेल्या प्राण्यांची चित्रं नावांसकट एकेक येत होती. इथवर आलं की घड्याळ थांबलेलं असतं, धावणारे यंत्र बंद करतात. आक्का बघत बसल्या. सांगलीच्या मुलीकडं दुसरा खेळाडू ताटकळत होता. तिनं त्याला थांबायला सांगितलं, आणि पडद्यावर ते नाव होतं तोवर आक्कांनी बटणाला अंगठा लावला नाही.