बोट लागली का?

जहाजाच्या खोलीत प्रवाशाला प्रश्न विचारणारा टीव्ही असावा की नसावा, याबद्दल अनुस्वाररावांचे मत चौथ्या दिवसाच्या सकाळी नऊपर्यंत ‘असावा’ असे होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी ते बदलले.

अनुस्वारराव हे त्यांचे छापखान्यातले नाव. चाळीस वर्षे त्यांनी मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची प्रुफे, तपासली. लहानखुरे, गोल आणि सदा दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले, म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्यांना अनुस्वार म्हटले आणि पुढे आदराने राव जोडले. आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या चुका इतक्या काढल्या होत्या की स्वतः करायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. एखादी चूक नजरेतून सुटून छापून आली, तर ते आठवडाभर जेवताना मान खाली घालत. जाणूनबुजून चूक छापणे म्हणजे त्यांच्या लेखी खून.

ही सफर लेकीने दिलेली. आपल्याला हवापालट होईल म्हणून थोरली हो म्हणाली, असे अनुस्वाररावांना वाटत होते. थोरली म्हणजे त्यांची बायको. माहेरी दोघीच बहिणी, थोरली आणि धाकटी, आणि ही नावे दोघींना साठीतही चिकटून होती. खरे कारण वेगळे होते. जहाज चौथ्या दिवशी ज्या बंदरात पाच तास थांबणार होते, तिथे धाकटी राहत होती. अकरा वर्षांत भेट नव्हती. आईच्या मागे भांड्यांच्या वाटणीवरून काहीतरी बोलणे झाले होते. काय झाले, ते आता दोघींनाही नीट सांगता आले नसते, पण कोण आधी बोलले नाही, ते दोघींना पक्के आठवत होते. शेवटी धाकटीने पत्र पाठवले: धक्क्यावर उभी राहीन, पिवळी छत्री घेऊन.

त्यांची खोली जहाजाच्या पोटात होती, बिनखिडकीची. तिथे दिवस उगवायचा तो टीव्हीतून. पलंगासमोरच्या भिंतीवर तो हातभर पडदा, आणि त्यात एका खुंटीला टांगल्यासारखे क्षितिज. जहाजाच्या नाकावर बसवलेला कॅमेरा दिवसभर समुद्र पाठवत राही. थोरली उशीला टेकून तासन्‌तास त्या निळ्या रेषेकडे बघत पडून असे. खोली हळूहळू डुले, पेला टेबलावर बोटभर सरके आणि परत येई, आणि आपण पाण्यात आहोत की पाणी आपल्यात आहे, हे झोपेच्या काठावर कळेनासे होई. जेवायला ती नुसता कोरडा पाव खायची, येताना टेबलावरच्या लिंबाच्या फोडी रुमालात बांधून आणायची, आणि बाथरूममध्ये नळ मोठा सोडून बराच वेळ बसायची. अनुस्वाररावांनी हे सगळे टिपले होते. समुद्र बघूनच हिचे पोट भरते, आणि एवढे गोड पाणी बघितले की बायकांना धुणे सुचते, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता.

टीव्हीशी त्यांची ओळख पहिल्या दिवशी चुकीनेच झाली. पडद्यावर चौदा भाषा होत्या आणि त्यांत आपली! ती निवडताच अक्षरे उमटली: ‘पुढे जाण्यासाठी बोट लावा.’ अनुस्वारराव हात बांधून बसले. जहाज धक्क्याला लावणे काही त्यांच्या हातात नव्हते. वीस मिनिटांनी थोरली आली, तिने पडद्याला तर्जनी लावली आणि टीव्ही पुढे गेला.

“बोट म्हणजे हे,” तिने तर्जनी त्यांच्या नाकासमोर धरली.

त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवले, की हा टीव्ही बोट म्हणेल तेव्हा थांबून विचार करायचा. एकच चूक दोनदा करणारा माणूस तो नव्हे. तो दुसरी चूक करणारा होता.

चौथ्या दिवशी सकाळी थोरली ठेवणीतली साडी नेसून बाथरूममध्ये गेली आणि नळ सुरू झाला. तेवढ्यात खाली कुठेतरी खोल धप्प झाले, पेला बोटभर सरकला आणि परत आला नाही. जहाज थांबले. त्याच क्षणी टीव्हीवर प्रश्न आला: ‘बोट लागली का?’

अनुस्वाररावांनी विचार केला. ‘लागली’ म्हणजे हाताचे बोट नव्हे, लाकडा-लोखंडाची बोट. आत्ताच लागली. त्यांनी ‘होय’ केले.

‘प्रवास सुरू झाल्यापासून किती वेळा?’ काल दोन बंदरे, परवा एक, आणि हे चौथे. त्यांनी ‘चार’ लिहिले. ‘फक्त आपल्याला, की खोलीतील सर्वांना?’ यावर ते हसले. बोट काय एकट्याला लागते? सर्वांना. ‘शेवटची वेळ?’ आत्ताच. ‘जोर कसा होता?’ परवाच्या बंदरात साबण खाली पडला होता, त्या मानाने मध्यम. भाषेवर कष्ट घेतलेले दिसतात, असे त्यांना कौतुकाने वाटले. टीव्हीने आभार मानले, आराम करायला सांगितले आणि पडद्याची कड लाल झाली.

थोरली बाहेर आली तेव्हा जरा फिकट होती, पण डोळ्यांत काजळ होते. दोघे जिन्यापाशी गेले. तिथल्या यंत्राला कार्ड दाखवले की हिरवा दिवा लागतो आणि माणूस धक्क्यावर उतरतो. यांच्या कार्डाला लाल लागला. पुन्हा लाल. मागच्या रांगेने दोन पावले मागे घेतली.

खोलीत परत आणून सोडलेल्या त्या दोघांना जहाजाच्या डॉक्टरीणबाईंनी दारातूनच तपासले. हातात कागद होता.

“दोघांना मिळून चार वेळा उलट्या, शेवटची पाऊण तासापूर्वी,” त्या म्हणाल्या. “जहाजावर पोटाची साथ पसरायला एवढं पुरतं.”

अनुस्वाररावांनी प्रश्न आठवले. एकेक करून, उलट्या क्रमाने, जसे ते शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे तपासत जात. पहिल्या प्रश्नाशी पोचले आणि पलंगावर बसले. बोट लागणे. माणसाला, गाडी लागते तशी. त्यांनी सगळे समजावून सांगितले, धक्का, साबण, तर्जनी, काही वगळले नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना पटलेही असावे.

“पण कार्ड मी हिरवं करू शकत नाही, काका. ते टीव्हीच करतो. ‘बरे वाटते’ हा अर्ज तो सहा तासांनी उघडतो.”

“जहाज पाचच तास थांबतं.”

“हो ना.”

“आणि जास्त वाटायला लागलं तर?”

“तो अर्ज कायम उघडा असतो,” डॉक्टरीणबाई छताकडे बघत म्हणाल्या. “उलट्या सहाच्या वर गेल्या की पेशंटला बंदरातल्या दवाखान्यात पाठवावंच लागतं. आमची गाडी नेते, सुटायच्या आधी आणते. मी काही सुचवत नाहीये.” आणि त्या गेल्या.

आता अनुस्वाररावांना वाटले, थोरली बोलेल. अकरा वर्षांची एकत्र बोलेल, आणि ते त्यांना हवेही होते. पण ती पलंगावर बसली होती आणि रिमोटने कॅमेरा फिरवत होती. हा टीव्ही धक्काही दाखवत होता. आवाज नव्हता. दोरखंड, सावल्या, पाण्यावर थरथरणारे ऊन, स्वप्नातल्यासारखी सावकाश चालणारी माणसे. मग एक पिवळा ठिपका. थोरलीने बटण दाबत तो जवळ आणला. पिवळी छत्री, तिच्याखाली पांढरे केस, आणि एका पायावर भार देऊन उभे राहायची ती ढब.

“आईच उभी आहे,” थोरली म्हणाली. एवढेच.

धाकटी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने वर बघितले, चुकीच्या मजल्याकडे, आणि कुणा परक्याकडेच बघून हात हलवला. पडद्याच्या अलीकडून थोरलीनेही हलवला.

अनुस्वारराव उठले. चष्मा पुसला. चाळीस वर्षांत एक काना त्यांनी खोटा घातला नव्हता. तो अर्ज त्यांनी उघडला. ‘आतापर्यंत किती वेळा?’ सहाच्या वर म्हणजे कमीत कमी किती, याचा त्यांनी हिशेब केला, कारण खोटेसुद्धा लागेल तेवढेच बोलावे. ‘सात.’ टीव्हीने विचारले, ‘नक्की?’ त्यांनी डोळे मिटून ‘होय’वर बोट टेकवले.

मग सगळे भराभर झाले. चाकांच्या दोन खुर्च्या आल्या. जिन्यापाशी यंत्राने त्यांना हिरव्याहून हिरवा दिवा दिला. धक्क्यावर पिवळी छत्री आधी थबकली, मग धावत आली, मग गळून पडली, आणि धाकटी खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसून रडू लागली.

“अकरा वर्षांनी आलीस, ती चाकांवर?”

“अगं, मला काही झालेलं नाही.”

“तू गप्प बस. लहानपणापासून काही झालं की हेच म्हणतेस.” मग तिने वर बघितले. “आणि भावोजी, तुम्ही तरी लक्ष द्यायचं होतं.”

अनुस्वारराव मान खाली घालून म्हणाले, “छापताना चूक झाली.”

दवाखान्यात दोघांची नाडी बघून, जीभ बघून, तीन तास बसून राहा एवढेच सांगण्यात आले. मागच्या बाजूला झाडाखाली बाक होता आणि समोर खाडी. बहिणी बसल्या. आधी दवाखान्याविषयी बोलल्या, मग गुडघ्यांविषयी, मग कधीतरी आवाज उतरले आणि भांड्यांची नावे ऐकू येऊ लागली: तो तांब्या, ती परात, झाकण हरवलेला डबा. कुणाकडे काय गेले याचा मेळ लागेना, तेव्हा दोघी हसत सुटल्या. अनुस्वारराव बाकाच्या टोकाला बसले होते. पायाखालची जमीन डुलत होती, झाड डुलत होते, बहिणींचे बोलणे लाटेसारखे येत-जात होते, आणि या सगळ्या सुखाच्या मध्यभागी एक सात आकडा काट्यासारखा रुतून होता.

परत खोलीत आल्यावर थोरली साडी न बदलता आडवी झाली. दूर कुठेतरी भोंगा वाजला आणि पेला सरकू लागला. टीव्हीवर नवा प्रश्न होता: ‘खोलीत अशी टीव्ही-सेवा असावी का?’

“नसावी,” अनुस्वारराव म्हणाले. “त्याने मला खोटं लिहायला लावलं. सात.”

थोरलीने उशी सरळ केली. मग म्हणाली, “खोटं कुठं लिहिलंत?”

“म्हणजे?”

“परवा तीन. काल दोन, आणि रात्रीची एक. सकाळी तुम्ही त्याला उत्तरं देत होतात, तेव्हा नळ सोडून मी आत काय करत होते असं वाटलं तुम्हाला?”

अनुस्वाररावांनी बोटांवर मोजले. तीन आणि दोन पाच, एक सहा. सात.

“आणि मला बोलली नाहीस?”

“तुम्ही लगेच कळवलं असतंत. खरं ते. मला उतरू दिलं नसतं कुणी.” तिने कूस बदलली. “त्या रेषेकडे बघत राहिलं की जरा थांबतं, म्हणून तग धरला.”

अनुस्वारराव पडद्यासमोर उभे राहिले. म्हणजे जे नीट तपासून लिहिले, ते चार चूक होते. आयुष्यात पहिल्यांदा ठरवून चूक लिहिली, तर ती बरोबर निघाली. असे मुद्रित त्यांच्या हाताखालून कधी गेले नव्हते. त्यांनी ‘असावी’ केले, आणि खालच्या सूचनांच्या चौकटीत ‘बोट’ या शब्दाविषयी सात ओळी लिहिल्या.

जमीन मागे पडत होती. खोली हळूच एका कुशीवर झाली.

“अहो,” मागून बारीक आवाज आला, “ते क्षितिज लावता का? आठवी येतेय.”

एका हाताने तिचे कपाळ धरून त्यांनी दुसऱ्या हाताचे बोट लावले, आणि बोट चालू लागली.