सतरा नंबरची गाडी

"हा कोट घालून तुम्ही खडकवासल्यापर्यंत जाणार?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"रॅलीचा नियम आहे. गाडी ज्या काळातली, कपडेही त्याच काळातले."

"कपड्यांचा काळ जुळला. पोटाचा जुळत नाहीये."

दिगंबर खरे यांनी श्वास आत ओढला आणि पांढऱ्या बंद गळ्याच्या कोटाचं शेवटचं पितळी बटण कसंबसं लावलं. डोक्यावर पुढे टोक असलेली पांढरी टोपी चढवली. आरशात त्यांना साठ वर्षांपूर्वीचा कोणी संस्थानिक दिसला. आरशात माणसाला काय दिसावं यावर कोणाचं बंधन नसतं.

खरे बँकेतून निवृत्त झालेले. नव्या पेठेतल्या त्यांच्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात, त्यांच्या डॉक्टर वडिलांनी घेतलेली बदामी रंगाची विलायती गाडी उभी असे. उभी असे हे अगदी शब्दशः. दसऱ्याला ती पूजेसाठी फाटकापर्यंत जायची आणि सोसायटीतली माणसं ढकलून तिला परत जागेवर आणायची. तिचा खरा उपयोग बोलण्यात होता. कुठलाही विषय निघाला की खरे दोन वाक्यांत गाडीवर यायचे. त्यामुळे त्यांच्या कॉलेजातल्या मित्राने, श्यामसुंदर अभ्यंकरांनी, जुन्या गाड्यांची रॅली काढायचं ठरवल्यावर पहिला फोन त्यांनाच केला.

"चालते ना रे तुझी गाडी?"

"चालते म्हणजे? परवाच लोणी काळभोरला जाऊन आलो."

हे परवा म्हणजे त्यांचा मुलगा शाळेत होता तेव्हाचं. आता त्या मुलाची मुलगी शाळेत जात होती.

रॅली अंध मुलींच्या एका वसतिगृहासाठी होती. वसतिगृहाचं छप्पर गळत होतं, पावसाळ्यात मुलींना गाद्या घेऊन खोलीभर फिरावं लागे. प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूला 'अंध मुलींच्या वसतिगृहाच्या छपरासाठी' असं लिहिलेली एक लाकडी दानपेटी बांधायची, सारसबागेपासून खडकवासल्यापर्यंत लोकांनी त्यात पैसे टाकायचे, आणि धरणापाशी पोचल्यावर सगळ्यात ऐटबाज गाडीला एक कप, असा बेत होता. खरे भेटेल त्याला छपराबद्दल सांगत. कपाबद्दल त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण तो दिवाणखान्यात कुठे ठेवायचा हे ठरवून तिथली फुलदाणी त्यांनी आधीच हलवली होती.

मेकॅनिकने महिनाभर खटपट करून गाडी सुरू करून दिली आणि जाताना सांगितलं, "चालली की थांबवू नका. आणि थांबवली तर मला बोलवू नका." खऱ्यांनी पहिला भाग लक्षात ठेवला.

रविवारी सकाळी सारसबागेपाशी गाड्यांची रांग लागली. कार्यकर्त्यांनी प्रत्येक गाडीला झेंडूच्या माळा घातल्या आणि खऱ्यांच्या काचेवर सतरा नंबरचा कागद चिकटवला. पद्मजाबाई मोत्यांचे दागिने घालून आणि हिरवी पैठणी नेसून शेजारी बसल्या. दत्तवाडीपर्यंत सगळं छान झालं. रस्त्यावरचे लोक हात हलवत होते आणि खरे दोन बोटं टोपीला लावून त्यांचा स्वीकार करत होते.

"वाफ येतेय," पद्मजाबाई विठ्ठलवाडीपाशी म्हणाल्या.

"धुकं आहे."

"मे महिन्यात?"

धायरी फाट्यापर्यंत हे धुकं एवढं दाट झालं की समोरचा रस्ता दिसेना. खऱ्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, मारुतीच्या देवळासमोर घेतली. तिथे तिने एक लांब उसासा टाकला आणि ती बंद पडली. मागून येणाऱ्या गाड्या एकेक करून पुढे गेल्या. अभ्यंकरांनी जाताना आपल्या लांबलचक गाडीतून हात केला. खरे फोटो काढायला थांबले असावेत असं त्यांना वाटलं, कारण खरे बॉनेटला टेकून तशाच ऐटीत उभे राहिले होते.

रांग दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी पाणी मागण्यासाठी वळून पाहिलं. देवळापुढे शंभर-दीडशे माणसं होती. बँडवाले होते, फेटे बांधलेले पुरुष होते, कलश घेतलेल्या बायका होत्या, आणि मधोमध मुंडावळ्या बांधलेला, घामाने निथळणारा एक नवरदेव होता. सगळे खऱ्यांकडेच बघत होते.

पिवळ्या फेट्याचा एक दणकट माणूस तरातरा पुढे आला. हे सर्जेराव, नवरदेवाचे मामा.

"काय हो ड्रायव्हर, ही काय यायची येळ हाय?"

खऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी ड्रायव्हर नव्हता.

"तास झाला पोरगं उन्हात उभं हाय. मुहूर्त काय तुमच्या गाडीसाठी थांबतोय व्हय?"

प्रकार असा होता की हिंदुराव या धायरीच्या बागायतदाराच्या मुलाचं, मच्छिंद्रचं, लग्न होतं. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून वाजतगाजत मांडवात न्यायचं होतं. घोडा सगळ्यांचाच असतो, म्हणून हिंदुरावांनी शहरातून झेंडूने सजवलेली जुनी विलायती गाडी ठरवली होती. तिचा पत्ता नव्हता. आणि नेमक्या त्या वेळी झेंडूने सजवलेली जुनी विलायती गाडी देवळासमोर येऊन थांबली, आणि तिच्यातून पितळी बटणांचा पांढरा गणवेश घातलेला माणूस उतरला.

"अहो, गैरसमज होतोय," खरे म्हणाले. "मी खरे."

"खरं-खोटं मागनं बघू. गाडी चालू करा."

"ती तापलीय."

"पानी आना रं," सर्जेरावांनी आवाज दिला. पाणी आलं. रेडिएटरमध्ये पडलं. गाडी मात्र सुरू होईना.

"हिला धक्का मारावा लागेल," खरे ओशाळून म्हणाले.

"मग मांडव कुठं दूर हाय? किरकटवाडीच्या अलीकडं. पोरं हायत की."

खऱ्यांनी मनात हिशोब केला. किरकटवाडी खडकवासल्याच्या वाटेवरच होती. पुढे जायचं तर धक्का लागणार, आणि धक्का द्यायला इतकी माणसं पुण्यात पैसे देऊनही मिळाली नसती. इंजिन लागलं की खरं काय ते सांगून टाकू आणि सुसाट निघू, असं ठरवून ते स्टिअरिंगवर बसले. हा विचार त्यांना तेव्हा चतुरपणाचा वाटला होता.

"आपण नेमकं काय करतोय?" पद्मजाबाईंनी विचारलं. त्यांच्या मागच्या सीटवर आता मच्छिंद्र आणि त्याची करवली बसली होती.

"तात्पुरती व्यवस्था."

पोरांनी गाडी ढकलली. वीस पावलांवर इंजिन लागलं आणि खऱ्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी बँड सुरू झाला. पुढे बँड, बँडपुढे नाचणारी पोरं, दोन्ही बाजूंना बायका. सुसाट निघायला समोर वीतभर जागा नव्हती. थांबून खुलासा करायचा तर गाडी बंद पडणार. चालत्या गाडीतून, ढोलांच्या आवाजात, आपण कोण हे सांगायचं तर ओरडावं लागणार. खऱ्यांनी एकदा ओरडून पाहिलं.

"मी ड्रायव्हर नाही!"

नाचणाऱ्यांपैकी एकाने ते ऐकलं आणि फार आवडल्यासारखं हात वर करून तो आणखी जोरात नाचू लागला.

"ड्रायव्हर," मागून मच्छिंद्र अजिजीने म्हणाला, "जरा सावकाश घ्या. मला मळमळतंय."

"ते सावकाशच चालवतात," पद्मजाबाई म्हणाल्या. "आयुष्यभर."

"तुमी कोन त्यांच्या?"

"मी त्यांची बायको."

यावर मच्छिंद्रने पुढे वाकून दोघांकडे नीट पाहिलं. लग्न करून पुढे काय होतं याचा नमुना बहुधा तो जवळून पाहत होता.

गाडीचं मात्र आश्चर्य होतं. रॅलीच्या वेगाने तापणारी ही गाडी माणसाच्या चालीने जाताना मुळीच तापत नव्हती. खऱ्यांना वाटलं, आपण उगाच हिला पळवत होतो. हिचा जन्म मिरवण्यासाठीच झाला असावा. त्याबाबतीत ती अगदी मालकावर गेली होती.

नांदेड फाट्याच्या पुढे त्यांनी आरशात पाहिलं. बायाबापड्या पुढे येऊन मागच्या दानपेटीत नोटा टाकत होत्या. रस्त्यात भेटणारे पाहुणे सायकली, स्कूटर थांबवून टाकत होते.

"आहेराची पेटी लावली ते बेस केलं," सर्जेराव खिडकीत वाकून म्हणाले. "आमच्या ध्यानातच आलं न्हवतं."

आतापर्यंत फार तर हसं झालं असतं. आता लग्नघरचा आहेर गोळा करून निघून गेल्याचा आरोप आला असता, तोही निवृत्त बँक अधिकाऱ्यावर.

मांडवाच्या दाराशी गाडी थांबली आणि अर्थातच बंद पडली. नवरदेव उतरला, सनईवाल्यांनी सूर धरला, लोक आत गेले. खरे टोपी हातात घेऊन हिंदुरावांपुढे जाऊन उभे राहिले. हिंदुराव उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"मला सांगायला उशीर झाला," खरे म्हणाले. "मी ड्रायव्हर नाही. गाडी माझी आहे. आम्ही रॅलीला निघालो होतो. आणि ती पेटी आहेराची नाही, अंध मुलींच्या वसतिगृहाची आहे. ती तुम्ही ठेवून घ्या. आतले पैसे तुमचे आहेत."

हिंदुरावांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पेटीवर काय लिवलंय ते मी देवळापाशीच वाचलं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

"बोलून काय गाडी दुसरी येनार हुती? आन् ड्रायव्हर कवा पैठनी नेसलेल्या बायकूला शेजारी बसवून बोलनी खात गाडी हाकतो व्हय?"

खऱ्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मीच मंडळींला सांगितलं, टाका पेटीत. माझ्या दारचा आहेर कुनाला द्यायचा ते मी ठरवनार. पोरींचं छप्पर गळतंय न्हवं? मग घिऊन जा. पर जेवल्याबिगर न्हाई."

खरे जेवले. जेवताना कोटाचं शेवटचं बटण तुटून समोरच्या पंगतीत गेलं. निघताना हिंदुरावांच्या पत्नीने, मुक्ताबाईंनी, पद्मजाबाईंची ओटी भरली. रिवाजाप्रमाणे गाडीच्या ड्रायव्हरला टॉवेल-टोपी द्यायची म्हणून हिंदुरावांनी गंभीर चेहऱ्याने खऱ्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि डोक्यावर पांढरी गांधी टोपी घातली. पोरांनी शेवटचा धक्का मारला.

धरणापाशी पोचायला दुपार टळली. भाषणं संपली होती, पण अभ्यंकर व्यासपीठाजवळच होते. खऱ्यांची पेटी उचलायला दोन माणसं लागली ते पाहून ते थक्क झाले.

"दिगंबर, अरे बाकी सगळ्या पेट्या एकत्र केल्या तरी एवढं नाही. काय केलंस काय तू?"

"फार काही नाही. सावकाश आलो."

"आणि नेमका तूच बक्षिसाला नव्हतास. कप दिला आम्ही. सुंदर गाडी होती, तुझ्यासारखीच बदामी. फुलांची सजावट तर विचारू नकोस. माणूस मात्र अबोल. नावही नीट सांगेना."

झाडाखाली एक बदामी गाडी उभी होती. झेंडूशिवाय तिला निशिगंधाच्या झालरी होत्या आणि मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं होती. 'मच्छिंद्र' एवढं वाचता येत होतं, पुढचं गळून पडलं होतं. गाडीपाशी एक किरकोळ तरुण माणूस मांडीवर कप घेऊन रडवेल्या चेहऱ्याने बसला होता. खरे त्याच्याजवळ गेले.

"धायरीला जायचं होतं का?"

"अहो, कधीपासून सांगतोय या लोकांना," तो म्हणाला. "राजाराम पुलापाशी रॅलीच्या माणसांनी झेंडे दाखवून जे रांगेत घातलं ते बाहेरच पडू देईनात. थांबलो की पोलीस शिट्टी मारायचा. इथे आल्यावर हार घातला, चहा दिला, हा कप दिला. माझं लग्न राहिलं हो तिकडे. म्हणजे, त्यांचं."

"त्यांचं लागलं. वेळेवर लागलं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच नेलं नवरदेवाला."

त्या माणसाने खऱ्यांच्या खांद्यावरचा टॉवेल पाहिला, डोक्यावरची टोपी पाहिली. हळूहळू त्याच्या सगळं लक्षात आलं. त्याने कप उचलून पुढे धरला.

"मग साहेब, हे तुम्ही घ्या. मला टॉवेल-टोपी द्या. मालकाला काहीतरी दाखवावं लागेल, भाडं मारून आलो म्हणून."

उन्हात कप झगझगीत चमकत होता. पद्मजाबाई बाजूला उभ्या राहून नवरा आता काय करतो ते पाहत होत्या. दिगंबररावांनी टॉवेल काढून त्याच्या हातात दिला. कप त्याचा त्याच्याकडे परत सरकवला.

"टोपी?" त्याने विचारलं.

"टोपी राहू दे," दिगंबरराव म्हणाले आणि ती दोन्ही हातांनी नीट बसवत अभ्यंकरांच्या ग्रुप फोटोत जाऊन उभे राहिले.