नीलांबरीचा चार्जर

शेंगदाण्याचं कूट शेजारी जाऊन करावं असं मला त्या सोमवारी वाटलं, तिथून सगळं बिघडलं. आमच्या बाजूची फेज गेली होती. कूट दुसऱ्या दिवशी केलं असतं तरी चाललं असतं. (घरात खाणारी मी एकटी. एका माणसाला कूट लागतं किती?) पण उचलला मिक्सर आणि जाऊन उभी राहिले समोरच्या नीलांबरीच्या दारात.

आधी नीलांबरीचं सांगते. तिशीची आहे, सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकटीच राहते, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. लग्न का केलं नाहीस ते मी तीनदा विचारलंय, अजून नीट उत्तर मिळालेलं नाही. आमचे हे (मच्छिंद्र, लिहिताना नाव चालतं) शिर्डीला हॉटेलात मॅनेजर आहेत, पंधरा दिवसांनी येतात. मुलगी पूजा जामखेडला दिलीय. यांचा फोन मात्र रोज येतो.

"जेवलीस का?"

"जेवले."

"बरं, ठेवतो."

झालं दिवसभराचं बोलणं. मग मी फ्रिजशी बोलते. तो निदान मधूनमधून हुंकार तरी देतो.

अशात दीड महिन्यापूर्वी नीलांबरीचा लॅपटॉप बिघडला आणि माझे दिवस पालटले. त्यात आपल्यासारखं विंडोज नाही, लिनक्स म्हणून काहीतरी असतं. तिच्या सांगण्याप्रमाणे आतला प्रोसेसर तीन हजारांच्या वर पळायला हवा, तो चारशेवर अडकून बसला होता. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास. मग काम लावून द्यायचं आणि तेवढा वेळ, रोज चार वाजता, माझ्याकडे चहाला येऊन बसायचं.

"सविताकाकू, आज गव्हर्नर बदलून बघितला," ती म्हणायची. वेग ठरवणाऱ्या भागाला त्यात गव्हर्नर म्हणतात म्हणे.

"मग?"

"काही फरक नाही."

"गव्हर्नर बदलून कधी फरक पडलाय का गं?" असं म्हणून मी चहात आणखी आलं किसायचे. त्या चारशेची मनातल्या मनात दृष्ट काढायचे.

तर, मिक्सर. तिच्या हॉलमध्ये हाताशी एकच सॉकेट, त्यात लॅपटॉपची पिन. मी ती उपटली.

"काकू! काय काढलंत?"

"पिन. दोन मिनिटं गं, कूट..."

"लावा परत!" मी लावली. "नको, काढा!" काढली. "लावा! आता काढा!"

पडद्यावरचा आकडा पिन लावली की चारशे, काढली की एकतीसशे. नीलांबरीने मला मिक्सरसकट मिठी मारली.

"चार्जर, काकू, चार्जर! आधीचा जळला म्हणून मी साधा, स्वस्तातला घेतला. लॅपटॉप त्याला ओळखतच नाही, म्हणून भिऊन हळू चालतो. दीड महिना मी सेटिंगा बदलत बसले आणि तुम्ही एका झटक्यात शोधलंत!"

नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप अर्धा तासही तग धरत नव्हता. तिने तिथल्या तिथे मूळ कंपनीचा चार्जर मागवला. मी कूट घेऊन घरी निघाले. आमच्या दोन दारांत अंतर चार पावलांचं. दुसऱ्या पावलाला माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसले. चार्जर आला की काम पाच मिनिटांत. मग चार वाजता माझ्याकडे कोण येणार?

बुधवारी कुरियरवाला आला तेव्हा ती भाजीला गेली होती. बिल्डिंगमधली पार्सलं मीच घेते (कोणाकडे काय येतं ते कळायला नको का?). सही केली, खोकं घेतलं आणि सरळ दिवाणात घातलं, गोधड्यांखाली. फक्त आजचा दिवस, म्हटलं.

चार वाजता नीलांबरी आली आणि बसली ती नेमकी दिवाणावर.

"काकू, माझं ते..."

"पूजाच्या सासूचं कळलं का तुला?" मी म्हणाले आणि तासभर पूजाची सासू सांगितली. गुरुवारी ती पुन्हा "काकू, ते..." म्हणाली, तर मी गुडघ्याचं काढलं. एक्स-रे दाखवला. दोन्ही गुडघ्यांचे.

शुक्रवारी ती आत आलीच नाही. दारातूनच म्हणाली, "काकू, सर म्हणतायत, सोमवारपर्यंत लॅपटॉप नीट झाला नाही तर सरळ पुण्याला ऑफिसात येऊन बस. म्हणजे इथली खोली सोडावी लागेल मला."

चहाचं आधण उकळत होतं, ते तसंच राहिलं. एका कपासाठी मी पोरीला नगरमधूनच उठवत होते! दिवाण उघडला, चार गोधड्या फेकल्या, खोकं काढलं.

"हे आलंय."

"कधी?"

"आत्ताच."

"गोधडीतून?"

मी खाली पडलेल्या गोधडीची घडी घालायला लागले.

"काकू, मला बुधवारीच मेसेज आला होता. त्यात तुमची सहीसुद्धा दिसते."

"मग मागितलं का नाहीस गं?"

"मागायलाच रोज येत होते. तुम्ही मध्ये श्वासच घेत नव्हता!"

ती हसली, चहा प्यायली, खोकं घेऊन गेली. पण हसणं खरं होतं की वरवरचं, या विचारात माझे शनिवार-रविवार गेले. सोमवारी चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचार. दाराला कान लावून बघितलं, जिन्यात मांजरसुद्धा नव्हतं. शेवटी दोन कप ट्रेमध्ये ठेवले आणि तशीच गेले. तिचं दार उघडंच होतं, ती लॅपटॉपसमोर बसली होती.

"नीलांबरी, रागावलीस का गं?" मी सुरू झाले. (श्वास न घेता.) "चुकलंच माझं. पण खरं सांगते, एकटीला चहा घशाखाली उतरत नाही. कप भरते आणि बेसिनमध्ये ओतते. तू पाच मिनिटं ये, बोलू नकोस पाहिजे तर, नुसती बस..."

"काकू," ती हळूच म्हणाली, "मीटिंग चालू आहे."

पडद्यावर बारा चौकटी आणि बारा तोंडं. मग त्यातला एक जण म्हणाला, "नमस्कार काकू! तुम्हीच का त्या गोधडीवाल्या?" बाकीचेही हात जोडून नमस्कार करायला लागले. एक मुलगी तर म्हणाली, "नीलांबरी, तू जा गं, चहा घे आधी."

एवढी माणसं माझ्याशी एका वेळी बोलली त्याला किती वर्षं झाली असतील! ट्रे ठेवला, हात जोडले आणि नीट दिसावं म्हणून जरा पुढे वाकले. तेव्हा कोपऱ्यातल्या तेराव्या चौकटीत मला नीलांबरीच्या शेजारी हात जोडून वाकलेली एक बाई दिसली. गाऊनमध्ये, केसांना मेंदी थापलेली, आणि ती गळू नये म्हणून डोक्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली.