तोंड उघडायला लावणारे नाना

आमच्या गल्लीतले नाना माणसाचा चेहरा पाहतच नाहीत, आधी दात पाहतात. बारसं असो की दहावं, लहान मूल दिसलं की त्याची हनुवटी धरून म्हणणार, "आ कर रे भाऊ." माझ्या तीन वर्षांच्या पोरानं तर इतका धसका घेतला होता की, नाना दिसले की दोन्ही हातांनी तोंड झाकायचा.

नानांचं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं. आता इथं लोणखेड्यात एकटेच राहतात. बायको वारली, मुलगा सुरतेला. रिकामी माणसं पत्ते कुटतात, नाना लोकांच्या तोंडात डोकावतात.

माझ्या नवऱ्याला शुगर निघाली, तर दुसऱ्याच सकाळी आमच्या ओट्यावर हजर.

"ब्रश करतांना रगत येस का?"

"थोडं येतं," नवरा म्हणाला.

"थोडं? हिरड्या सुजतीस, दात हालतस, आन मंग शुगर बी खाले उतरत नही. दातना डॉक्टरले दखाड!"

तासभर हेच. मला असा संताप आला! म्हटलं, "नाना, तुमच्याच तोंडात तीन दात उरलेत. तुम्ही कुणाला शिकवता?"

"म्हनीसनी तं सांगी ऱ्हायनू," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघून गेले.

खरी गोष्ट, आम्ही या गल्लीत येण्याआधीची, मला पुढे त्यांच्या सुनेनं सांगितली. नानांना मधुमेह झाला आणि घरात त्यांचं गोड बंद झालं. तेव्हा मुलगा-सून इथंच होते, नात दोन वर्षांची. नाना तिला मांडीवर घेऊन जिलबी भरवायचे आणि ती खाताना टक लावून बघत बसायचे. स्वतःची हौस पोरीच्या जिभेवर भागवायची! तिच्या दुधाच्या बाटलीतही गुपचूप साखर घालायचे. सून भांडली की एकच उत्तर, "दुधना दात शेतस, पडनारच शेतस."

चौथ्या वर्षी पोरीचा गाल सुजला, ताप चढला आणि वरचे पुढचे चार दात काढावे लागले. शाळेत मुलं चिडवायची. पोर ओठ मिटून हसायला शिकली. त्याच वर्षी मुलानं सुरतेला बिऱ्हाड हलवलं. सुनेनं नानांशी बोलणं टाकलं. मीही तेच केलं असतं.

यंदा आखाजीच्या सणाला ती तिघं दोन दिवसांसाठी आली. पोर आता सात वर्षांची. गल्लीभर पोरांची तोंडं उघडणारा हा माणूस नातीसमोर मात्र मान खाली घालून बसलेला. ती निघायच्या जरा आधी नाना माझ्या दारात आले.

"बेटा, तिना तोंडमा एक डाव देखी ले ना. वरना नवा दात उनात का?"

"तुम्हीच बघा की."

"मी कोनता तोंडनी 'आ कर' म्हनू तिले?"

मी गेले. सुनेला हळूच नानांचं म्हणणं सांगितलं. ती पोरीला म्हणाली, "दाखव काकूला." वरचे दोन दात डोकावत होते. दोन्ही तिरपे.

नाना माझ्याच ओट्यावर थांबले होते. म्हटलं, "आलेत, नाना. छान आलेत."

"सरळ शेतस?"

"अगदी सरळ."

"खोटं बोली ऱ्हायनी तू. दात काढात तवयच डॉक्टरनी सांगेल व्हतं, वाकडा येतीन म्हनीसनी."

समोर त्यांचा मुलगा गाडीत पिशव्या ठेवत होता. नाना उठले, पण तिकडे गेले नाहीत.

"पोरले सांगू नको," ते म्हणाले, "मी इचारं व्हतं म्हनीसनी."