ठाणेदाराची चोच

दोष माझ्या बापाचा आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात शेवटी दोष कुणावर जातो ते मला पाठ आहे.

बापाचं नाव पुंडलिकराव. झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या अलीकडे आमचं गाव. कापूस, तूर, दोन बैल, आणि बापाकडे गावच्या तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद. (गावात तंटे नाहीत. सगळे आमच्या घरी होतात.) मी अमर. फार्मसीचं कॉलेज अर्ध्यात सोडून घरी बसलोय. का सोडलं ते गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने मला विचारलं आहे आणि उत्तर ऐकायला एकही थांबलेला नाही. तेव्हापासून बापाचं माझ्याबद्दल एकच मत आहे: "कायच्याच कामाचा नाई." सकाळी चहासोबत एकदा, संध्याकाळी हातपाय धुताना एकदा, आणि पाहुणे आले तर त्यांच्या सोयीने.

हे वाक्य आमच्या पोपटानेही पाठ केलं. मी शाळेत असताना वादळात शेतातला पळस पडला, त्याच्या ढोलीतून हे पिल्लू आईला सापडलं. आईने ते वाढवलं. दारात कुणीही आलं की हा पिंजऱ्यातून बापाच्याच आवाजात, बापाच्याच गुर्मीत विचारायचा, "कोन होय रे?" म्हणून त्याचं नाव ठाणेदार. आई, म्हणजे विजयमालाबाई, रोज आधी ठाणेदाराला भरवते आणि मग स्वतः जेवते. नवरा आणि मुलगा यांचा नंबर कुठे लागतो ते विचारू नका.

तर ठाणेदाराची चोच वाढली. वरची चोच इतकी वाकडी होत गेली की टोक छातीला टेकायला लागलं. कारण बाप. बाप रोज सकाळी त्याला चहात बुडवलेलं बिस्कीट देतो, दुपारी वरणात कुस्करलेली पोळी. मऊ, गिळगिळीत, दात पडलेल्या माणसाचं जेवण. पोपटाची चोच नखासारखी वाढत राहते आणि काहीतरी कडक कुरतडलं तरच झिजते, हे मी मोबाईलवर वाचलं होतं. मी म्हटलं, त्याला कडुनिंबाची काडी द्या.

"पाखराले दातण?" बाप स्वतः तोंडात कडुनिंबाचं दातण धरून हसला. "कॉलेजात हेच शिकवत होते काय?"

आता ह्या माणसाने आयुष्यात टूथपेस्टला हात लावलेला नाही. रोज उठून अंगणातल्या झाडाची काडी मोडतो आणि तासभर चावत गावाला उपदेश करतो. पण पोपटाने तेच केलं तर शिक्षण वाया गेलं.

पोळा जवळ आला तसं ठाणेदाराचं खाणं बंद झालं. चोच मिटेना, दाणा फुटेना, बिस्कीटसुद्धा बाजूने गळून पडायला लागलं. बोलणंही बंद. दारात माणूस आला तरी हा मान खाली घालून बसलेला. आणि तो खात नाही म्हणून आई खाईना. नुसत्या चहावर. तिला आधीच बीपी. पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकून त्यांना जेवणाचं आवतण देतात त्या खांदशेकणीला, सकाळी ती चुलीजवळून उठता उठता भिंत धरून उभी राहिली, आणि पहिल्यांदाच मला ह्या सगळ्या प्रकाराची भीती वाटली. बापालाही वाटली असावी, कारण तो म्हणाला, "उद्या पुरन कोन टाकन?" (आमच्याकडे काळजी अशीच बाहेर पडते.)

मी म्हटलं, मुकुटबनला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ.

"पागल झाला काय? पोपट पाळाले बंदी हाय कायद्यानं. तंटामुक्तीच्या अध्यक्षाच्या घरी पोपट निंघाला त गाव काय म्हनन?"

गावातलं शेंबडं पोरही रोज येऊन ठाणेदाराशी बोलून जातं. पण गावाला माहीत असणं वेगळं आणि गाव काय म्हणेल ते वेगळं. हा फरक मला कॉलेजात शिकवला नव्हता.

तेवढ्यात बैलांची शिंगं साळायला लखीराम आला. लखीराम म्हणजे पाच-सहा गावांतल्या शिंगांचा मालक असल्यासारखा वागणारा माणूस. कानस, काचेचे तुकडे आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मत, एवढी हत्यारं घेऊन फिरतो. त्याने आमच्या बैलांची शिंगं अशी गुळगुळीत केली की बाप बघतच राहिला. मग बापाची नजर शिंगांवरून सरकत सरकत पिंजऱ्यावर गेली. मला तेव्हाच पळून जायला पाहिजे होतं.

"लखीराम, शिंग अन् चोच, वस्तू एकच ना बावा?"

"एकदम एक," लखीराम म्हणाला. "फक्त साईज लहान. पाच मिनिटाचं काम हाय, भाऊ."

मी ओरडून सांगितलं की चोचीच्या आत रक्त असतं, मेलेलं असतं ते फक्त टोक, एकदम जास्त कापलं तर पाखरू जाईल. लखीरामने माझ्याकडे न बघता बापाला विचारलं, "हा कोन्त्या वर्षाले होता म्हंता?" दोघे हसले. असे हसले की मी दुसरं वर्ष पूर्ण केलं असतं तरी उपयोग झाला नसता.

आईची एकच अट होती. ठाणेदाराला बैलासारखं वागवायचं असेल तर मग मानही बैलाचा द्यायचा. म्हणून तूप-हळद आली, पळसाचं पान आलं. आईने ठाणेदाराच्या दोन्ही खांद्यांना, म्हणजे जिथे पंख सुरू होतात तिथे, पानाने हळूच हळद लावली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." गोठ्यातले बैल हे सगळं बघत होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. आपल्या पगारात नवीन माणूस भरती केल्यावर जुन्या कारकुनांचा होतो तसा.

मग ठाणेदाराला बापाच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलं. डोकं धरायचं काम माझ्याकडे आलं. (जोखमीच्या कामाला मी कामाचा असतो.) लखीरामने बैलाला चुचकारतात तसं "हो हो हो" केलं आणि कानस चालवली. एकदा, दोनदा, ठीक. तिसऱ्यांदा ठाणेदाराने मान झटकली, कानस घसरली, चोचीचं टोक काडकन तुटलं आणि रक्त आलं. त्याच क्षणी ठाणेदाराने उरलेल्या चोचीत माझा उजवा अंगठा पकडला आणि आठवडाभराची भूक त्याच्यावर काढली. नख मुळापासून वर आलं. मी बोंबललो, बैल उधळले, लखीराम हत्यारं उचलून "मी त म्हनतच होतो" असं म्हणत फाटकाबाहेर गेला. काय म्हणत होता ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

आईने धावत येऊन मूठभर हळद चोचीला दाबून धरली. रक्त कमी झालं, पण ठाणेदाराने डोळे मिटले. आईने बापाकडे नुसतं पाहिलं. तंटामुक्तीचा अध्यक्ष त्या एका नजरेत इतका लहान झाला की मला वाटलं आता त्यालाच दुपट्ट्यात गुंडाळावं लागणार.

"गाडी काढ," बाप मला म्हणाला.

मी अंगठ्याला चिंधी बांधून मोटारसायकल चालवतोय, मागे बाप, बापाच्या मांडीवर दुपट्ट्यात ठाणेदार. कुणी ओळखू नये म्हणून बापाने दुसऱ्या दुपट्ट्याने तोंड असं बांधलं होतं की फक्त डोळे दिसत होते. अशा अवतारात माणूस आणखीच नजरेत भरतो हे मी सांगितलं नाही. माझं ऐकतो कोण.

रस्त्यात वनखात्याचा नाका लागला. सणासुदीला चोरटं सागवान जातं म्हणून गार्ड प्रत्येक गाडी थांबवत होता. धिप्पाड माणूस, हातात काठी. त्याने आम्हाला बाजूला घेतलं आणि तोंड बांधलेल्या बापाकडे बघत विचारलं, मांडीवर काय आहे?

बापाने दुपट्टा पोटाशी ओढला. मी रस्त्याकडे बघायला लागलो. आणि नेमका तेव्हाच, इतके दिवस मुका झालेला आमचा ठाणेदार दुपट्ट्याच्या आतून, बापाच्या खणखणीत आवाजात बोलला:

"कोन होय रे?"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. जिवंत होता! पण गार्डने काठी उचलली होती. त्याला बापाचे फक्त डोळे दिसत होते आणि आवाज बापाचाच होता.

"कोनाले म्हनता?" गार्ड म्हणाला.

आता बापापुढे दोनच रस्ते होते. पोपट कबूल करायचा किंवा उद्धटपणा कबूल करायचा. बापाने हात जोडले.

"गलती झाली, साहेब. माफ करा."

माझ्या उभ्या आयुष्यात मी बापाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. अंगठ्याचं दुखणं थांबलं. मी आरसा फिरवून मागे बघितलं, म्हटलं डोळे भरून बघून घ्यावं. तेवढ्यात आतून दुसरं वाक्य आलं:

"कायच्याच कामाचा नाई."

गार्ड लाल झाला. बापाने पुन्हा हात जोडले, ह्या वेळी मान वाकवून. गार्ड माझ्याकडे वळला. म्हणाला, तुमचे वडील नेहमीच असे बोलतात का लोकांशी?

"हो साहेब," मी म्हटलं. "घरी तर रोजच. दवाखान्यातच घेऊन चाललोय."

हे दोन्ही खरं होतं. गार्डने बापाकडे पाहिलं, मग माझ्या रक्ताने भरलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने काठी खाली घेतली.

"चावते बी काय?" त्याने हळूच विचारलं. "जा बाबा, लवकर ने."

मुकुटबन येईपर्यंत आरशात बापाचे डोळे ओले दिसत होते. अपमानाने की आनंदाने ते मी विचारलं नाही. पण पूर्ण रस्ता तो दुपट्ट्यावरून हात फिरवत होता, एवढं मी पाहिलं.

डॉक्टर निघाल्या प्राची मॅडम. माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठ्या. (बापाने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझं सगळं शैक्षणिक वर्ष होतं.) मॅडमनी रक्त पूर्ण थांबवलं, छोट्या कानशीने चोचीच्या कडा जरा जरा घासून सारख्या केल्या, औषध दिलं. म्हणाल्या, वाचला. उरलेली चोच एकदम कापायची नाही, आपोआप झिजू द्यायची. चहा-बिस्कीट बंद. चोच आणि नख एकाच मालाचं असतं, त्याला कुरतडायला काडी पाहिजे. कडुनिंबाची असेल तर फारच चांगलं.

बापाने माझ्या पाठीवर थाप मारली. "आयकलं? कडुनिंबाची काडी. याले म्हनते शिक्षन."

बोलण्यासारखं जे होतं ते मी चोचीला लागलेल्या हळदीसारखं गिळून टाकलं.

मॅडमनी दुसरीही गोष्ट सांगितली. पाखरू बरं झालं की लपवालपवी बंद करा, वनखात्याला स्वतः जाऊन सांगा. बापाने लगेच मान डोलावली आणि सांगायला कोण जाईल ते बोटाने दाखवलं.

घरी आलो. ठाणेदाराने भिजवलेली डाळ खाल्ली. आईने त्याची चोच मिटताना आणि उघडताना पाहिली आणि मग तिथेच, पिंजऱ्याशेजारी बसून, दोन भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पुरण शिजलं. पोळ्याच्या ताटात पहिला घास बैलांना, दुसरा ठाणेदाराला. मला तिसरा मिळाला, ही आमच्या घरात प्रगती आहे.

चोच भरून आल्यावर मी वनखात्यात जाऊन सगळं सांगितलं. चौकशीला जो आला तो नाक्यावरचाच गार्ड. तो फाटकात उभा राहिला, आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "कोन होय रे?" गार्डने पिंजऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ओसरीवर बसून पोट धरून हसला. हसणं संपल्यावर त्याने बापाला कडक समज दिली आणि पंख चांगले आहेत म्हणून पिंजरा उघडायला लावला. आईनेच दार उघडलं. ठाणेदार चालत बाहेर आला, थोडं इकडे तिकडे बघितलं, आणि उडून थेट अंगणातल्या कडुनिंबावर जाऊन बसला. बसल्या बसल्या त्याने एक काडी सोलायला घेतली. बाप रोज मोडायचा तीच फांदी.

तो गेला नाही. दिवसभर थव्यासोबत फिरतो, संध्याकाळी आईच्या हातून शेंगदाणे खायला परत येतो. चोच आता अशी सुरेख आहे की गावातली माणसं बघायला येतात आणि बाप सांगतो की हे माझ्या दातणाचं काम. लखीरामही सांगत फिरतो की सुरुवात आपण केली होती.

एकच गोष्ट आहे. आधी "कायच्याच कामाचा नाई" हे आमच्या चार भिंतींत होतं. आता ते रोज पहाटे कडुनिंबाच्या शेंड्यावरून, बापाच्या आवाजात, अख्ख्या गावाला ऐकू जातं. मी अंगणात दिसलो की हमखास. परवा थव्यातले आणखी दोघे ते म्हणताना मी स्वतः ऐकले.

या सगळ्यात माझं उजव्या अंगठ्याचं नख गेलं आणि गावातली इज्जत गेली. नख परत आलं आहे.